आमटीतली पावडर आणि फ्रिजमधली बाटली

"मॅडम, हे नाकात टाकलं तर चालेल का? बाबांना न सांगता?"

मुलीनं पर्समधून ओल्या रुमालात गुंडाळलेली प्लास्टिकची छोटी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. वर रबरी बूच, आत पाण्यासारखं काहीतरी, लेबल नाही. घरी ती फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे लपवलेली होती. देवासकडे तिच्या मामाच्या म्हशी आहेत. म्हैस दूध चोरायला लागली की टोचतात ते गोठ्यातलं औषध मामानं भाचीच्या हट्टापायी आणून दिलं होतं. आत ऑक्सिटोसिन हे हार्मोन आहे एवढं तिला ठाऊक होतं. किती आहे, कशात मिसळलंय, कधीचं आहे, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडील वरच्या मजल्यावर दाखल होते. दाखल केल्याचा तिसरा दिवस होता.

मी इंदूरमध्ये मनोविकारतज्ज्ञ आहे. हे प्रकरण त्या गृहस्थांच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाकात मारायच्या हार्मोनच्या स्प्रेनं दारू सुटते का, असं मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. त्या प्रश्नाचं औषधशास्त्रातलं उत्तर मी खाली दिलंच आहे. पण या घरात त्याच्याही आधीचा एक प्रश्न होता, आणि तो मलासुद्धा उशिरा सुचला.

आधीची चार वर्षं

गृहस्थ 51 वर्षांचे. सियागंजात किराण्याच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर मुनीम. पत्नी पोळीभाजीचे डबे करतात, घरात म्हातारी आई, मुलगी बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला. पिणं तिशीत सुरू झालं. आधी शनिवारचा पौवा, मग रोजचा, मग अद्धा. गेली चार वर्षं दिवसाची सुरुवातच दारूनं व्हायची, आणि ती मजेसाठी नसायची. पहाटे साडेपाचला हात इतके थरथरायचे की पेला ओठापर्यंत पोचेपर्यंत निम्मा सांडायचा. म्हणून ते पंचा मानेमागून घ्यायचे. एक टोक पेला धरलेल्या उजव्या मुठीत, दुसरं डाव्या हातात. डाव्या हातानं पंचा ओढायचा, म्हणजे कप्पीनं बादली वर यावी तसा उजवा हात पेल्यासकट वर येई. वीस मिनिटांत थरथर थांबायची आणि मग दिवसभर खतावणीत अक्षर मोत्यासारखं. हे सगळं पत्नीनं दाराच्या फटीतून पाहिलेलं.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात देशातल्या दारू-अवलंबित लोकांचा आकडा सुमारे 2 कोटी 90 लाख आहे, आणि अशा दर 38 माणसांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसतं. उरलेल्या 37 घरांत काय होतं? शपथा होतात, गंडेदोरे होतात आणि भिंतींवरच्या जाहिरातींतल्या पावडरी येतात.

या घरातही पावडर आली होती. तीन वर्षांपूर्वी पत्नीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून एक पुडी आणली. रुग्णाला न सांगता जेवणातून द्यायची, हीच तिची ख्याती. त्यांनी ती आमटीत घातली. त्या रात्री नेहमीची दारू पोटात गेल्यावर चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या झाल्या आणि ते मोरीत पडले. कपाळाला चार टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना पावडरीबद्दल कुणी काही सांगितलं नाही.

पुडीत काय होतं हे आता कळायचा मार्ग नाही. पण लक्षणं डायसल्फिरामसारखीच होती. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचा निकाल लावतं. डायसल्फिराम त्या विकरालाच अडवतं, मग ते विष रक्तात साचतं आणि माणूस हैराण होतो. हे जुनं, मान्यताप्राप्त औषध आहे आणि मीही देते. पण ते घेणाऱ्याला पूर्ण माहिती असेल तरच द्यायचं असतं, कारण गोळी घेऊन दारू प्यायल्यावर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चोरून दिलेलं डायसल्फिराम जिवावर बेतू शकतं.

त्या रात्रीनंतर ते ताटातली आमटी आधी पत्नीला चाखायला लावू लागले. तीन वर्षं, रोज, दोन्ही वेळा.

गणपती

गेल्या गणेश चतुर्थीला त्यांनी मूर्तीवर हात ठेवून दारू सोडली. एकदम, कुणाला न विचारता. घरात आनंदीआनंद. रोज अद्धा पिणाऱ्यानं अशी एका दिवसात दारू तोडणं किती धोक्याचं असतं, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. ती सांभाळली नाही तर माणूस दगावतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळी ते घामानं निथळत होते आणि मखरावर मुंग्यांची रांग चढतेय म्हणून हातानं झटकत होते. मुंग्या नव्हत्या. मुलीनं फोन केला तो तेव्हा.

दाखल केलं तेव्हा नाडी 128. दारू तुटल्याची तीव्रता मोजायची 10 मुद्द्यांची, 67 गुणांची मोजपट्टी असते. तिच्यावर त्यांचे 26 गुण भरले, म्हणजे अवस्था गंभीर. आधी शिरेतून थायमिन हे जीवनसत्त्व, मगच ग्लुकोज. हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यकृताची तपासणी बिघडलेली होती, म्हणून शरीरात लांबणाऱ्या गोळ्यांऐवजी लोराझेपाम हे शांतवणारं औषध, गुण मोजत मोजत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीत होते. वार, तारीख, पेढीच्या मालकाचा फोन नंबर, सगळं बरोबर सांगितलं.

आणि त्याच दुपारी मुलगी खाली माझ्या खोलीत बाटली घेऊन आली.

11 माणसं

तिनं नुसती बाटली आणली नव्हती, एका शोधनिबंधाचं पहिलं पानही छापून आणलं होतं. दोन आकड्यांखाली लाल रेघ: 3.4 आणि 16.5. निबंध खरा होता आणि तिनं वाचलाही नीट होता.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातला, 2013 चा हा प्रयोग. दारू तोडण्यासाठी दाखल झालेल्या लोकांना तीन दिवस, दिवसातून दोनदा नाकातून स्प्रे दिला. काहींच्या स्प्रेत ऑक्सिटोसिनची 24 एककं होती, काहींच्या नव्हती, आणि कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं, देणाऱ्यालाही नव्हतं. त्रास उफाळला की दोन्ही गटांना लोराझेपाम. सगळं पार पडेपर्यंत ऑक्सिटोसिनवाल्यांना सरासरी 3.4 मिलिग्रॅम लोराझेपाम लागलं, नुसत्या स्प्रेवाल्यांना 16.5. फरक डोळ्यांत भरणारा. माणसं मात्र दोन्ही गट मिळून 11.

"मग ही 11 माणसं खोटी का?" तिनं विचारलं.

खोटी नाहीत, थोडी आहेत. पाच-सहा जणांच्या गटात तिच्या वडिलांसारखा एखादा जास्त बिघडलेला माणूस योगायोगानं एकाच बाजूला गेला तरी सरासरी तिकडे झुकते. म्हणून असा निकाल आला की तो दुसऱ्यांनी, जास्त माणसांवर करून पाहायचा असतो. तो पाहिला गेला. नॉर्वेतल्या एका गटानं 40 रुग्णांवर जवळजवळ तीच पद्धत वापरली. निकाल 2019 मध्ये आला: स्प्रेनं शांतवणाऱ्या गोळ्यांची गरज कमी झाली नाही. पुढे त्याच गटानं घरी परतलेल्या रुग्णांना काही आठवडे स्प्रे स्वतःच वापरायला दिला. त्यानं पिणं कमी झाल्याचंही दिसलं नाही.

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, कारण तिची आशा भाबडी नव्हती. या हार्मोनच्या मागे लागायला संशोधकांकडे सबळ कारणं आहेत. ऑक्सिटोसिन मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये बनतं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी. व्हिन्सेंट डू विन्यो यांनी 1953 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळंतपणात गर्भाशय आकुंचन पावतं ते यानं, आईला पान्हा फुटतो तोही यानंच. जवळीक, ताण, भीती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांवरही ते काम करतं, आणि दारूचं व्यसन त्याच भागांत घर करतं. सिडनी विद्यापीठात 2015 मध्ये उंदरांच्या मेंदूत थेट ऑक्सिटोसिन सोडलं, तेव्हा दारू पाजूनही त्यांचा तोल फारसा गेला नाही. दारू मेंदूतल्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) पकडते, त्यांतल्या काहींवरची तिची पकड या हार्मोननं सैल केली होती. दारूची सवय लावलेल्या उंदरांची ओढ ऑक्सिटोसिननं कमी होते, हेही 2019 मध्ये दिसलं.

पण उंदराच्या मेंदूत सुईनं सोडणं वेगळं आणि माणसाच्या नाकात फवारणं वेगळं. पोटात गेलं तर ते पचून जातं म्हणून नाकाची वाट धरली. त्या वाटेनं मेंदूपर्यंत नेमकं किती पोचतं यावर अजून एकमत नाही. रक्तात ते काही मिनिटांत निम्मं होतं. याच हार्मोनला 'भरवशाचं हार्मोन' हे नाव मिळालं 2005 च्या एका गाजलेल्या प्रयोगावरून: स्प्रे घेतलेले लोक अनोळखी माणसावर पैशांच्या बाबतीत जास्त विश्वास ठेवतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तेव्हा तो परिणाम टिकला नाही.

बाटलीबद्दल मात्र मी तिच्याशी कडक बोलले. ऑक्सिटोसिनच्या बाबतीत एक गोष्ट पाठ असायला हवी: हे हार्मोन व्हॅसोप्रेसिन नावाच्या दुसऱ्या एका हार्मोनचं सख्खं भावंड आहे, नऊपैकी दोनच अमिनो आम्लं वेगळी. जास्त प्रमाणात गेलं की तेही मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. दारू तुटलेल्या माणसाला आधीच फिट यायची भीती असते. त्यात सोडियम उतरवणारं, मात्रा माहीत नसलेलं, निर्जंतुक आहे की नाही याचा पत्ता नसलेलं गोठ्यातलं औषध नाकात टाकायचं? गोठ्यात त्याचा असा वापर मुळात बेकायदा आहे. तो थांबवण्यासाठी 2018 मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांचं देशांतर्गत विक्रीसाठीचं उत्पादनच बंद करायला घेतलं होतं. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. दिल्ली उच्च न्यायालयानं त्या वर्षीच्या डिसेंबरात ती अधिसूचना रद्द केली.

आजी सोबत आल्या होत्या आणि इतका वेळ गप्प होत्या. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "हे तर म्हशीचं. वासरू मेलं की टोचतात. तिला वाटतं वासरू आलं, आणि ती दूध सोडते."

दाराबाहेर

त्या रात्री केस पेपर लिहिताना माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या दिवशीही माझं सगळं बोलणं दाराबाहेर चाललं होतं. पहिल्या दोन दिवसांत ते भ्रमात होते, तेव्हा निर्णय मी आणि घरच्यांनी घ्यायचे हे ठीकच. पण आज ते शुद्धीवर होते. मुलीशी मी पाऊण तास बोलले, आकडे समजावले, बाटली नको म्हणाले, आणि हे सगळं ज्यांच्या नाकाबद्दल चाललं होतं ते वर पलंगावर बसून होते. आमटीत पावडर घालणाऱ्या पत्नीत आणि माझ्यात त्या दुपारी फरक होता तो ज्ञानाचा. त्यांना विचारलं आम्ही दोघींनीही नव्हतं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या दुष्परिणामांतून येणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे. निर्णय घ्यायची क्षमता असलेल्या माणसाचा निर्णय त्याचा असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

आणि हे इंदूर आहे. औषधांच्या चाचण्यांत माणसांना पुरतं सांगितलं गेलं होतं का, हा प्रश्न या शहरानं देशापुढे ठेवला. इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचानं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या लढ्याच्या रेट्यातून 2013 पासून नियम बदलत गेले: चाचणीत इजा झाली तर भरपाई, संमतीचं चित्रीकरण. पुढे 2019 मध्ये नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे स्वतंत्र नियम आले. तेव्हाच्या वर्तमानपत्रांतल्या गोष्टी इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहेत. औषध चांगलं की वाईट हा त्या भांडणाचा मुद्दाच नव्हता. आपल्या देहावर काय चाललंय हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचा तो संताप होता.

त्यांना विचारलं तेव्हा

पाचव्या दिवशी सगळ्यांना त्यांच्या पलंगापाशी बसवलं. आधी मीच म्हणाले, "काका, गेले दोन दिवस तुमच्याबद्दल बोलणं झालं, तुमच्याशी झालं नाही. ते माझं चुकलं." मग मुलीला बाटली काढायला सांगितली. तिनं सगळं सांगितलं, रडत रडत. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, हात अजून थोडा थरथरत होता, आणि बाटली परत तिच्या हातात दिली. मग पत्नीकडे न बघता म्हणाले, "आमटीतलंही मला माहीत होतं."

पत्नी बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? तोंडाला वास माझ्याच होता."

याच्यावर मी काही बोलले नाही. पाच मिनिटांनी औषधांकडे वळलो. तीन पर्याय त्यांच्यापुढे ठेवले. डायसल्फिराम ऐकताच ते म्हणाले, "ती नको." नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं, पण त्यांच्या यकृताचे आकडे उतरेपर्यंत मला थांबावंसं वाटत होतं. उरलं ॲकॅम्प्रोसेट. ते यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडावाटे जातं, आणि त्यांचं क्रिएटिनिन ठीक होतं. त्याचा गुण किती, तेही खरं सांगितलं: 2014 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, त्यानुसार 12 जणांना दिलं तर त्यातल्या एकाचं पुन्हा पिणं या गोळीमुळे टळतं. मुनीम माणूस. "बारात एक," ते म्हणाले, आणि विचार करत बसले. "आणि त्या नाकातल्याचं?"

मी 11 जणांचं, 40 जणांचं, उंदरांचं सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी त्यांना. म्हटलं, अजून अभ्यास चालू आहेत. कधी आपल्याकडे रीतसर चाचणी निघाली, नैतिक समितीनं तपासलेली, सरकारी नोंदवहीत नोंदलेली, तर तुम्हाला विचारतील.

"त्यात मला मिळेल ते खरं की नुसतं पाणी, हे कळेल?"

"नाही. देणाऱ्यालाही कळणार नाही."

"पण असं आहे हे आधी सांगतील?"

"सांगतील. लिहून देतील, आणि मध्येच सोडायची मुभाही असेल."

"मग मला चालेल," ते म्हणाले. मुलीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. गेले पंधरा दिवस तिची सगळी धडपड बाबा नाही म्हणतील या भीतीतून चालली होती.

बाटली त्यांच्याच सांगण्यावरून दवाखान्याच्या औषधविभागाकडे नष्ट करायला दिली.

पुढे

वजन 54 किलो, म्हणून ॲकॅम्प्रोसेटच्या दिवसाला चार गोळ्या: सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक. दुपारची गोळी चुकायची भीती होती. त्यांनी पेढीवरच्या चारच्या चहाशी ती बांधून घेतली. आठवड्याला समुपदेशन, महिन्यातून एकदा पत्नीसह. झोप पहिले दोन महिने वाईटच होती. अशा माणसाला झोपेच्या गोळ्यांवर ठेवायचं मी टाळते, म्हणून त्या त्रासातून त्यांना तसंच जावं लागलं. ते सगळ्यांत कठीण दिवस होते.

रंगपंचमीला गेर, म्हणजे इथली रंगांची मिरवणूक, बघून येताना मित्रांबरोबर प्यायले. रात्री घरी येऊन पत्नीला स्वतः सांगितलं, दुसऱ्या दिवशी मला फोन केला. गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या. पिणं झालं म्हणून ॲकॅम्प्रोसेट थांबवायचं नसतं. त्यानंतर आजवर पुन्हा नाही. यकृताचे आकडे उतरले आहेत, पंचा नुसता खांद्यावर असतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत गोळ्या चालू ठेवायचं ठरलं आहे, मग पुन्हा बसून बोलायचं.

मुलीनं तो लाल रेघांचा कागद जपून ठेवलाय. त्याच्या मागच्या बाजूला तिनं नॉर्वेच्या अभ्यासाचे आकडे लिहिले आहेत.

मागच्या भेटीत पत्नींना मी जेवणाबद्दल विचारलं. म्हणाल्या, चाखून दाखवा असं ते आता सांगत नाहीत, पण ताट वाढलं की हात मांडीवर ठेवून थोडं थांबतात. मग त्याच आपणहून वाटी उचलतात, एक घोट घेतात आणि परत ठेवतात.